तिसरी 'ब'चं पान

"थोबाड फोडीन हं तुझं!"

हे मी संगणकाला म्हणाले होते. शपथ घेऊन सांगते, संगणकालाच. पण उत्तर आलं ते टेबलाखालून.

"बाई, निदान माझा गुन्हा तरी सांगा."

मी दचकून दोन पावलं मागे सरले. टेबलाखालून आधी एक बूट निघाला, मग गुडघा, आणि मग केसांत जळमट अडकलेला एक उंच माणूस. गळ्यात निळ्या तारेचं वेटोळं, हातात पेचकस... आणि चेहऱ्यावर असं हसू, की माझा अर्धा राग जागीच विरघळला. उरलेला अर्धा मी जपून ठेवला. रागाशिवाय ही पोरगी ओळखू यायची नाही, असं माझे बाबा म्हणतात.

"तुम्ही इथे काय करताय?" मी विचारलं.

"तारा ओढतोय. तुम्ही?"

"मी वर्गाचं पान करतेय. इंटरनेटवरचं. म्हणजे करत नाहीये... ते होतच नाहीये!"

संगणकाची खोली नीट करायला शाळेने एका सत्रापुरता कुणी माणूस ठेवलाय, एवढं मला ऐकून माहीत होतं. सगळी शाळा त्यांना 'तारवाले' म्हणायची. आणि मी तिसरी 'ब'ची वर्गशिक्षिका. चौतीस मुलं, एक न उघडणारी खिडकी, आणि आवाज असा की पलीकडच्या चौथीच्या बाई म्हणतात, तुझे पाढे माझ्या मुलांना पाठ झालेत.

तारवाल्यांनी माझ्या मांडीवरचं जाडजूड पुस्तक उचललं. कंसांनी आणि चिन्हांनी भरलेलं, मी ग्रंथालयातून हट्टाने आणलेलं.

"हे सगळं पाठ करणार होतात?"

"चाळीस पानं झालीत," मी मान ताठ करून म्हणाले.

ते हसले नाहीत, पण ओठ दाबून धरले, तेच जास्त लागलं मला. "बाई, चहा प्यायचा तर कपबशी आपण घडवत बसतो का? तयार चौकटी मिळतात. ओढायची, हवी तिथे सोडायची, आत लिहायचं. कोड एक अक्षर लागत नाही."

"मग हे आधी कुणी सांगायचं?"

"आधी मी टेबलाखाली होतो ना..."

अस्सं! तर अशी आमची ओळख झाली.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की तासभर शिकवणी. खुर्च्या दोन, माऊस एक. पहिल्याच दिवशी मी पानाला गुलाबी रंग दिला, नाव वेलबुट्टीच्या अक्षरात लिहिलं आणि कोपऱ्यात दोन फुलपाखरं सोडली. त्यांनी मान एका बाजूला कलती करून बराच वेळ पाहिलं.

"छान आहे," ते म्हणाले. "फक्त मुहूर्त कितीचा ते लिहायचं राहिलं."

"म्हणजे?"

"लग्नपत्रिका झालीय, बाई."

मी फुलपाखरं रागारागाने पुसली. गुलाबी मात्र ठेवला... थोडा फिका करून. आणि तो फिका करताना माऊसवर माझ्या बोटांशेजारी त्यांची बोटं आली, तेव्हा आम्ही दोघंही पडद्याकडे इतकं लक्षपूर्वक पाहू लागलो, जणू तिथे परीक्षेचा निकाल लागणार होता.

पानाला तीन चौकटी ठरल्या. आज काय शिकलो, उद्या काय आणायचं, आणि तिसरी, आम्ही काय केलं. तिसरीत फोटो टाकायचे होते. पण मुलांचे चेहरे इंटरनेटवर टाकायचे नाहीत असा शाळेचा नियम. मी हिरमुसले. तारवाले तारेचं टोक सोलता सोलता म्हणाले, "मग हात टाका."

"हात?"

"मुलांचे हात. माती मळताना, कागद कापताना. आई आपल्या पोराचा हात ओळखत नाही का?"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. हे आपल्याला का सुचलं नाही, म्हणून चिडावं, की... पण चिडायला जमेना. त्या दिवशी पहिल्यांदा चिडायला जमलं नाही मला.

मग रोज हातच हात. शाईने माखलेले, नखं कुरतडलेले, चिकटपट्टी लावलेले.

एके दिवशी आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, चष्मा कपाळावर चढवून येऊन उभ्या राहिल्या. पान पाहिलं. मला, त्यांना, आणि एकमेकांना खेटलेल्या दोन खुर्च्यांनाही पाहिलं.

"दिसायला बरं आहे," त्या म्हणाल्या. "पण वाचणार कोण? पुढच्या शनिवारपर्यंत दहा पालकांनी ह्याच्यावर उत्तर दिलं, तर सगळ्या वर्गांना असं पान करून घेऊ. मग शिकवायला हे लागतीलच, त्यांची मुदत वर्षभर वाढवते. नाहीतर आपली छापील सूचना काय वाईट आहे? ह्यांचं सत्र संपलं की हे मोकळे."

मोकळे! केवढा हलका शब्द... आणि केवढा धोंडा माझ्या छातीवर ठेवून गेला तो.

मोठ्या बाई गेल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मोकळे झालात, तर मग कुठे?"

"दुसऱ्या गावच्या एका शाळेचं पत्र आलंय. कायमची जागा आहे. शनिवारपर्यंत कळवायचंय."

"मग चांगलंच झालं की!" मी म्हणाले. इतक्या मोठ्याने, की चौथीपर्यंत गेलं असेल.

"हो ना," ते म्हणाले आणि उगाचच एक तार गुंडाळू लागले. ती आधीच गुंडाळलेली होती.

बुधवारी शेवटची शिकवणी. "आज फक्त शेवटची पायरी," ते म्हणाले, "पाच मिनिटांचं काम." खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, मैदानावर कुणीतरी झाडू मारत होतं, त्याची खर्र-खर्र ऐकू येत होती.

"एक विचारू?" ते म्हणाले. "ह्या पानासाठी एवढा जीव का टाकताय?"

कुणी असं मऊ आवाजात विचारलं ना, की माझं सगळं अवसान गळून पडतं. मी सांगितलं. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे आईवडील पलीकडच्या कारखान्यात पाळ्यांवर जातात. माझे बाबाही तिथेच होते. माझ्या सबंध शाळेत ते एकदाही पालकसभेला येऊ शकले नाहीत. मी झोपले की ते घरी यायचे, आणि मी शाळेत जाताना ते झोपलेले असायचे. म्हणून मी वही उघडी ठेवून झोपायची, जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली दाबून. सकाळी पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीकशी खूण असायची. बरोबरची खूण. बस्स, एवढीच. म्हणजे बाबांनी वाचलं.

"त्या खुणेबद्दल आम्ही कधी बोललो नाही," मी म्हणाले. "बोललं असतं तर... गंमत गेली असती. पण ती खूण नसती ना, तर मी शाळा कधीच सोडली असती."

माझा आवाज कापला. मेला नेमका तेव्हाच! मी मान वळवली. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याला तारेचा काळा डाग होता. तो आत घडी करून, स्वच्छ बाजू वर करून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. आम्ही किती वेळ तसे बसलो होतो कोण जाणे. दारात कुलूप खुळखुळवत शिपाईकाका उभे राहिले तेव्हा भानावर आलो.

"झालं ना सगळं?" मी घाईघाईने उठत विचारलं.

"झालं... झालं बहुतेक," ते माझ्याकडे बघत म्हणाले.

मी पडद्यावर वर दिसत होता तो पत्ता उचलला आणि पालकांच्या गटावर पाठवला. बाबांनाही पाठवला.

दुसऱ्या दिवशी पान उघडून पाहते तर काय! बुधवारच्या मजकुराखाली, अगदी उजव्या कोपऱ्यात, एक छोटीशी बरोबरची खूण. माझ्या अंगावर काटाच आला. बाबा! निवृत्त होऊन चार वर्षं झालेले, फोनशी कायम भांडणारे माझे बाबा... त्यांनी शोधून काढलं कसं! कोण कुठून काय लिहू शकतं, मला काय ठाऊक. मी बाबांना काही विचारलं नाही. जुनाच नियम.

रोज एक खूण. मी त्या खुणेसाठी लिहू लागले. 'आज आम्ही अपूर्णांक शिकलो. एका भाकरीचे चार भाग केले आणि तीन मुलांनी चारही खाल्ले.' खूण. 'आज बाईंना राग आला, पण मधल्या सुट्टीपर्यंत गेला.' खूण. पालक मात्र गप्प. एक नाही, दोन नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. छापील सूचनेवर सह्या करणारी माणसं, पण पानावर एक शब्द नाही.

"वाचत असतील हो," तारवाले म्हणायचे. "लिहायला लाजत असतील. हे बघा, माझ्या फोनवर झकास उघडतंय." पण त्यांचा चेहराही रोज थोडा थोडा उतरत होता, आणि दूर गावच्या त्या शाळेचं नाव आम्ही दोघंही काढत नव्हतो. दहा उत्तरं! फक्त दहा! मी पालकांच्या गटावर पुन्हा लिहायला घेतलं आणि पुसलं. भीक मागितल्यासारखं वाटलं मला.

शुक्रवार उजाडला. बाबा चहात बिस्किट बुडवत बसले होते. माझ्या मनाची घालमेल त्यांना दिसत असणारच.

"काय गं, आज फणकारा नाही काही नाही. बरं वाटत नाही का?"

"बाबा..." मी न राहवून विचारलंच. नियम मोडला. "तुम्ही रोज खूण करता, ती एवढी एकच गोष्ट नीट चाललीय माझी."

बाबांचं बिस्किट चहात पडलं.

"कसली खूण?"

"पानावरची. रोजची."

"अगं, मला कुठे आत सोडतं ते पान! परवानगी नाही म्हणतं. मी परवानगी मागितली. रीतसर लिहून मागितली. कुणी दिली नाही. म्हटलं, शाळेचं काम आहे, फक्त पालकांसाठी असेल... आपण कशाला मधे मधे करा?"

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू एवढी खूश होतीस," बाबा म्हणाले. "तुझा विरस कशाला करायचा..."

मी चहा तसाच टाकून निघाले. निम्मा रस्ता पळाले. डोक्यात दोनच प्रश्न धडका देत होते. बाबांना आत सोडलं नाही, तर पालकांचं काय? आणि खूण बाबांची नाही... तर मग कुणाची?

संगणकाची खोली उघडी होती. तारवाले खोक्यात पेचकस, पक्कड, तारांची वेटोळी भरत होते. जाणाऱ्या माणसाचं खोकं ओळखू येतं.

"बाबांना पान उघडत नाही," मी धापा टाकत म्हणाले. "परवानगी नाही म्हणतं."

ते क्षणभर गोंधळले. मग एकदम त्यांचा चेहरा पांढरा पडला. खोकं तसंच सोडून ते संगणकापाशी बसले. शाळेच्या नावाची एक टपालपेटी होती संगणकात, जी कुणीच कधी उघडत नसे. त्यांनी ती उघडली.

बत्तीस पत्रं. बत्तीस! पान पाहू द्या. पाहण्याची परवानगी मिळावी. 'बाई, मी पाचव्या बाकावरच्या मुलीची आई, कृपया आत घ्या.' 'पहिल्या पाळीला आहे, साडेबाराला सुट्टी असते, तेव्हा दिसलं तर बरं.' आणि मधोमध एक: 'मी वर्गशिक्षिकेचे वडील. मूल नाही वर्गात, बाईच माझी आहे. आत यायचं होतं.'

मी खुर्चीत बसले. सगळी माणसं दार वाजवत होती. नऊ दिवस. आणि कुणी तक्रार केली नाही, कारण बाई देतील तेव्हा देतील, असं प्रत्येकाला वाटलं.

"पान प्रसिद्ध केलंच नाही आपण," तारवाले खालच्या आवाजात म्हणाले. "ते अजून कच्चंच आहे. तुम्ही पाठवलात तो लिहिण्याच्या जागेचा पत्ता. तिथे फक्त आपण दोघं जाऊ शकतो, म्हणून आपल्याला उघडत होतं. शेवटचं बटण दाबायचं राहिलं. माझं... माझं शिकवायचं राहिलं."

"कसं राहिलं? एवढे हुशार तुम्ही! पाच मिनिटांचं काम होतं म्हणे!"

"बुधवारी तुम्ही बाबांच्या खुणेचं सांगत होतात," ते पडद्याकडे बघत म्हणाले, "आणि मी तुमच्याकडे बघत होतो. मग मला दुसरं काही आठवलं नाही."

"म्हणजे तुमची इथली नोकरी तुम्ही माझ्या तोंडाकडे बघण्यात घालवलीत?"

"हो," ते म्हणाले. "तसंच झालं."

मी पर्स टेबलावर आपटली. मग दुसरा प्रश्न आठवला, आणि कानशिलं गरम झाली.

"आणि... आत फक्त आपण दोघंच जाऊ शकतो ना? मग खूण?"

ते बोटाने टेबलावरचा एक ओरखडा घासत राहिले.

"तुम्ही रोज एवढं छान लिहीत होतात. कुणीतरी वाचलं हे तुम्हाला कळायला हवं, असं वाटलं. तुम्ही ती बाबांची समजाल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही... माफ करा. ती जागा त्यांची आहे, मी घ्यायला नको होती."

माझे डोळे भरून आले. रुमाल ह्या वेळी माझ्याच पर्समध्ये होता, त्यांचा, धुऊन इस्त्री केलेला. नऊ दिवस परत करायचा राहिला होता... म्हणजे, मीच केला नव्हता.

"मी नऊ दिवस त्या खुणेसाठी लिहीत होते," मी म्हणाले. "बाबा समजून. पण कालचं ते, 'आज बाईंना कुणाची तरी वाट पाहावीशी वाटली', ते बाबांसाठी नव्हतं. ते वाचलंत ना?"

"चार वेळा."

"मग?"

"मग काय... मला तुम्ही फार आवडता, बाई. पहिल्या दिवसापासून. टेबलाखाली होतो तेव्हापासून."

"मग हे आधी कुणी सांगायचं?" मी जवळजवळ ओरडलेच. "आणि त्या दुसऱ्या शाळेला काय कळवलंत?"

"नाही म्हणून कळवलं. मागच्या गुरुवारीच."

"वेडे आहात का तुम्ही? इथलं काही ठरलं नसताना?"

"माझं ठरलं होतं."

मी डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि माऊस हातात घेतला. "बोला. कुठलं बटण?"

"वर, उजवीकडे. निळं."

"तुम्ही हात नका लावू. मी दाबते." आणि दाबलं. मग पानाचा खरा पत्ता पालकांच्या गटावर आणि बाबांना पाठवला.

साडेबाराला माझी मुलं डबे खात होती आणि मी खिडकीशी फोन धरून उभी होते. पलीकडे कारखान्याचा भोंगा झाला. दोन मिनिटं गेली. तीन. मग पहिला अभिप्राय आला. 'डाव्या हाताला शाई, तो आमचाच. घरीही तेच करतो.' मग दुसरा. 'नखं खाल्लेली बोटं दिसली. आज घरी गेल्यावर बघते.' मग थांबेचना! अकरा, सतरा, चोवीस. मोठ्या बाई आपला फोन हातात धरून वर्गाच्या दारात आल्या.

"दहा म्हणाले होते मी," त्या म्हणाल्या. "बरं, सांगा त्यांना. सोमवारपासून पहिलीपासून सुरुवात करायची."

आणि तेवढ्यात, सगळ्या आईवडिलांच्या देखत, पानावर बाबा अवतरले. सव्विसावा अभिप्राय. 'वाचलं. उत्तम. परंतु प्रत्येक दिवसाखाली बरोबरची खूण दिसते, ती माझी नाही. ती कुणाची आहे, ते कळावे.'

मी कपाळावर हात मारला. मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि पुन्हा एकदा वाचलं. बाहेरच्या व्हरांड्यात, निळी तार गळ्यात घालून एक उंच माणूस स्वतःच्या फोनकडे बघत भिंतीला टेकला होता. कानापर्यंत लाल झाला होता.

तो वर बघेना. मी तिथूनच, चौथीच्या बाईंनाही ऐकू जाईल अशी हाक मारली, "अहो तारवाले, रविवारी दुपारी मोकळे आहात का?"

त्यांनी नुसती मान हलवली. हो म्हणून.

मग मी बाबांच्या खाली उत्तर लिहिलं. 'बाबा, रविवारी जेवायला घेऊन येते. तेव्हा तुम्हीच विचारा.' हे सगळ्यांना दिसणार, हे मला चांगलं माहीत होतं. पाठवायचं बटणही माहीत होतं. मी दाबलं.

शाळा सुटेपर्यंत त्या उत्तराखाली एकतीस पालकांनी काहीच लिहिलं नव्हतं. फक्त एकेक खूण केली होती.